गोल्ड कोस्टमधील युद्धप्रचार आणि सैन्यभरती (१९३९ ते १९४५) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल्ड कोस्ट म्हणजे नेमका कोणता प्रदेश?

पश्चिम आफ्रिकेतील आजचा घाना हा देश ब्रिटिश अमलात गोल्ड कोस्ट या नावाने ओळखला जाई. किनाऱ्यावरची मूळ वसाहत, मधल्या जंगलपट्ट्यातील अशांती राज्य आणि उत्तरेकडील गवताळ, कोरडा प्रदेश असे त्याचे तीन मुख्य भाग होते. पूर्वेकडील टोगोलँडचा ब्रिटिशांच्या ताब्यातील पट्टाही याच वसाहतीच्या कारभाराला जोडलेला होता. अक्रा ही राजधानी होती आणि कोको हे प्रमुख पीक होते. नायजेरिया, सिएरा लिओन आणि गांबिया यांच्यासह या वसाहतीची एक संयुक्त फौज होती, तिला रॉयल वेस्ट आफ्रिकन फ्रंटियर फोर्स म्हणत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्या आफ्रिकी वसाहतींतून सुमारे पाच लाख माणसे लष्करी सेवेत घेतली. त्यांपैकी सुमारे ६५ हजार एकट्या गोल्ड कोस्टमधून आली. त्या मानाने या वसाहतीची लोकसंख्या लहान होती आणि रणभूमी हजारो मैल दूर होती. इतकी माणसे कशी मिळाली, हे समजून घ्यायचे तर प्रचार आणि भरती या दोन गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात.

युद्धापूर्वी या फौजेत कोण भरती होत असे?

बहुतेक शिपाई उत्तरेकडच्या प्रदेशातले असत. किनाऱ्यावरचे शिकलेले लोक लढण्यास अयोग्य, वाद घालणारे आणि डोईजड, तर उत्तरेकडचे अशिक्षित शेतकरी काटक आणि आज्ञाधारक, अशी ब्रिटिश अधिकाऱ्यांची ठाम समजूत होती. मराठी वाचकाला ही विचारसरणी अपरिचित नाही. ‘लढाऊ जातीं’चा हाच सिद्धांत पुढे करून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती थांबवण्यात आली होती, आणि माणसांची निकड भासताच ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. गोल्ड कोस्टमध्येही तेच घडले. आधुनिक युद्धाला वाहनचालक, संदेशवाहक, कारकून, यंत्रकारागीर आणि परिचारक लागतात हे लक्षात येताच, कालपर्यंत अयोग्य ठरवलेल्या दक्षिणेतील शिकलेल्या तरुणांसाठी लष्कराची दारे उघडली गेली. माणसांच्या अंगभूत गुणांविषयीचे हे सगळे सिद्धांत साहेबाच्या गरजेनुसार बदलत होते, हे या दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट दिसते.

मग मुळात प्रचाराची गरजच का भासली?

कारण १९३९ मध्ये सरकारविषयी लोकांच्या मनात पुरेसा विश्वास नव्हता. १९३७-३८ च्या हंगामात युरोपीय व्यापारी कंपन्यांनी संगनमताने कोकोचे भाव दाबले, तेव्हा शेतकऱ्यांनी महिनोन्महिने माल विकण्यास नकार दिला होता आणि परदेशी कापडावरही बहिष्कार टाकला होता. तो राग अजून ताजा होता. त्याआधी १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर आक्रमण केले, तेव्हा आफ्रिकेतील एका जुन्या स्वतंत्र राज्याचा बळी जाताना ब्रिटन आणि फ्रान्स यांनी बघ्याची भूमिका घेतली, ही भावना पश्चिम आफ्रिकेतील वर्तमानपत्रांनी उघडपणे मांडली होती.

जून १९४० मध्ये फ्रान्स शरण गेला आणि परिस्थिती एकदम बिकट झाली. गोल्ड कोस्टच्या पश्चिमेला, उत्तरेला आणि पूर्वेला फ्रेंच वसाहती होत्या, आणि त्या जर्मनीशी जुळवून घेणाऱ्या विशी सरकारच्या बाजूला गेल्या. समुद्र सोडला तर वसाहत उरलेल्या तिन्ही बाजूंनी वेढली गेली. त्याच वर्षी ताकोराडी बंदरात विमाने जुळवून ती आफ्रिका ओलांडून कैरोकडे पाठवण्याचा मार्ग सुरू झाला, आणि पुढे हजारो विमाने याच वाटेने गेली. इतक्या मोक्याच्या जागी असलेल्या वसाहतीतील लोक उदासीन राहणे लंडनला परवडणारे नव्हते.

प्रचाराची साधने कोणती होती?

छापील मजकूर होताच. पत्रके, भित्तिचित्रे, सचित्र वृत्तपत्रे ही सगळी सामग्री ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाकडून येत असे. परंतु वाचता येणारी माणसे थोडी होती, त्यामुळे खरा भर आवाजावर आणि चित्रावर होता.

अक्रा येथील ‘झेड ओ वाय’ हे नभोवाणी केंद्र गव्हर्नर आर्नोल्ड हॉडसन यांच्या पुढाकाराने ३१ जुलै १९३५ रोजी सुरू झाले होते. सुरुवातीला तारेने जोडलेल्या ध्वनिपेट्यांमधून लंडनचे कार्यक्रम ऐकवणे एवढेच त्याचे काम होते, आणि त्याचे श्रोते म्हणजे गोरे अधिकारी व शहरातील मोजके सुशिक्षित. युद्ध सुरू झाल्यावर त्याच केंद्रावरून ट्वी, फांटे, गा, एवे आणि हौसा या भाषांत बातम्या दिल्या जाऊ लागल्या. शेजारच्या फ्रेंच वसाहतींतील लोकांसाठी फ्रेंचमधूनही प्रक्षेपण होई. आपल्या भाषेत, आपल्या माणसाच्या तोंडून जगाची बातमी ऐकायला मिळणे हा असंख्य लोकांसाठी पहिलाच अनुभव होता. घानातील देशी भाषांच्या नभोवाणीची सुरुवात अशी युद्धाच्या गरजेतून झाली.

दुसरे मोठे साधन म्हणजे फिरता सिनेमा. १९३९ मध्ये ब्रिटिश माहिती मंत्रालयाने कलोनियल फिल्म युनिट स्थापन केले. त्याचे प्रमुख विल्यम सेलर्स हे आधी नायजेरियात आरोग्यविषयक चित्रपट दाखवण्याचे काम करत. आफ्रिकी प्रेक्षकाला भराभर बदलणारी दृश्ये समजत नाहीत, म्हणून त्याच्यासाठी चित्रपट संथ, साधे आणि चमत्कृतीविना असावेत, असे त्यांचे मत होते. या मताला पुराव्याचा आधार फारसा नव्हता आणि त्यात तुच्छता मात्र पुरेपूर होती, परंतु अनेक वर्षे चित्रपट याच साच्यात काढले गेले. अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी एकात इंग्लंडमधील एका मध्यमवर्गीय कुटुंबाची दिनचर्या दाखवली होती. ज्या साम्राज्यासाठी लढायचे, त्याच्या घरात डोकावण्याची ही एक योजनाबद्ध संधी होती.

प्रक्षेपक, पडदा, ध्वनिवर्धक आणि विजेचे जनित्र घेऊन सिनेमाच्या गाड्या गावोगाव जात. अंधार पडल्यावर मोकळ्या मैदानात सारे गाव जमे. पडद्यावर लंडनची आगीत होरपळलेली घरे, कारखान्यांतून बाहेर पडणारी विमाने, कवायत करणारे आफ्रिकी शिपाई दिसत, आणि गाडीसोबत आलेला स्थानिक दुभाषा ध्वनिवर्धकावरून त्यांचा अर्थ सांगत असे. खेळाच्या आधी किंवा मध्ये भाषण होई. भरतीची माहिती दिली जाई, युद्धनिधीसाठी आवाहन केले जाई. या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत महत्त्वाचा माणूस तो दुभाषा होता, असे मला वाटते. लंडनहून आलेला मजकूर लोकांच्या गळी उतरवायचा की नाही, कोणता भाग खुलवायचा आणि कोणता गाळायचा, हे प्रत्यक्षात त्याच्या हाती होते.

प्रचारात लोकांना काय सांगितले जात असे?

सर्वांत प्रभावी ठरला तो हिटलरच्या वंशद्वेषाचा मुद्दा. आफ्रिकी माणसाला जन्मतः अर्धे माकड म्हणणारे हिटलरचे लिखाण हाताशी होते, आणि जर्मनी जिंकली तर तुम्हाला गुलाम केले जाईल हा इशारा वारंवार दिला जाई. जर्मनी आपल्या जुन्या वसाहती परत मागत होती. शेजारच्या टोगोलँडमध्ये १९१४ पर्यंत जर्मन राजवट होती आणि तिथल्या चाबकाच्या आठवणी वयस्कर लोकांच्या मनात होत्या, त्यामुळे हा इशारा कपोलकल्पित वाटत नसे. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर इथिओपियाचा प्रश्न, जो आधी ब्रिटनला अडचणीचा होता, तोच प्रचाराच्या कामी आला. आफ्रिकेचा अपमान धुऊन काढण्याची संधी, अशी त्याची मांडणी झाली.

याखेरीज रोजच्या जगण्याशी निगडित आवाहने होती. रबर गोळा करा, ताडाचे दाणे आणि अन्नधान्य अधिक पिकवा, विमाने विकत घेण्यासाठी निधी द्या. स्पिटफायर विमानांच्या निधीला राजांपासून शाळकरी मुलांपर्यंत अनेकांनी हातभार लावला. लोकांच्या उदारतेविषयी मला शंका नाही. मात्र ज्या शेतकऱ्याच्या कोकोचा भाव सरकारी मंडळ ठरवत होते आणि ज्याला कापड व घासलेट महागाईने परवडेनासे झाले होते, त्याच्याकडून हा पैसा येत होता हे विसरता येत नाही.

भरती स्वेच्छेने होती की सक्तीने?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि त्याचे एका शब्दात उत्तर देणे योग्य होणार नाही. कागदोपत्री बहुसंख्य शिपाई स्वेच्छेने आलेले होते. प्रत्यक्षात उत्तरेकडील भागात जिल्हाधिकारी प्रमुखांना आकडा सांगत आणि प्रमुख तेवढी माणसे आणून उभी करत. त्यासाठी ज्यांच्यामागे कोणी नाही अशी माणसे निवडली जाणे स्वाभाविक होते: गरीब घरातली, बाहेरून आलेली, प्रमुखाची मर्जी गमावलेली. नावनोंदणीच्या टेबलासमोर अशा माणसाने होकारार्थी मान हलवली की तो स्वयंसेवक ठरे. वाहनचालक आणि कारागीर यांच्यासाठी तर सक्तीच्या सेवेचे नियमच करण्यात आले होते.

दुसरीकडे, आपल्या इच्छेने गेलेलेही पुष्कळ होते, आणि त्यांची कारणे निरनिराळी होती. नियमित पगार, कपडे, पोटभर जेवण, घरी पाठवता येणारा पैसा ही कारणे मोठी होती. मोटार चालवण्याचे किंवा यंत्रदुरुस्तीचे शिक्षण मिळेल ही आशा होती. कोणाला जग पाहायचे होते, कोणाला घरातले भांडण टाळायचे होते, कोणाच्या वडिलांनी आधीच्या महायुद्धात नोकरी केली होती. हिटलर हा आपलाही शत्रू आहे हे मनापासून पटल्यामुळे गेलेले शिकलेले तरुणही होते. प्रचाराचे यश मोजताना आकड्यांकडे बोट दाखवून सगळे श्रेय प्रचाराला देणे चुकीचे आहे. पडद्यावरचे चित्र, प्रमुखाचा शब्द आणि रिकामा खिसा या तिन्हींचा दाब एकाच माणसावर एकाच वेळी पडत होता.

शेजारच्या नायजेरियात सक्तीचे स्वरूप याहून उघड होते. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतल्यावर कथिलाची टंचाई झाली, आणि जोसच्या पठारावरील खाणींत एक लाखाहून अधिक माणसांना वेठीस धरण्यात आले. आजारपण, अपुरे अन्न आणि थंडी यांनी तिथे पुष्कळ मेले. स्वातंत्र्यासाठी चाललेल्या युद्धाच्या नावाखाली हे घडले.

स्थानिक राजे आणि प्रमुख ब्रिटिशांना साथ का देत होते?

स्थानिक राजांकरवी कारभार चालवण्याच्या ब्रिटिशांच्या अप्रत्यक्ष राज्यपद्धतीत त्यांचे पद सरकारच्या मान्यतेवर अवलंबून होते, हे मुख्य कारण. अशांती संघराज्य ब्रिटिशांनी मोडून टाकले होते आणि १९३५ मध्ये पुन्हा मान्य केले होते. राजे दुसरे प्रेंपेह यांनी भरतीला दिलेल्या पाठिंब्याकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. दक्षिणेतील अक्येम अबुआक्वा या राज्याचे राजे नाना ओफोरी आट्टा यांच्यासारखे कसलेले राजकारणी युद्धातील सहकार्याच्या बदल्यात कारभारात वाटा मागत होते. १९४२ मध्ये गव्हर्नर अॅलन बर्न्स यांनी त्यांना आणि वकील आर्कू कोर्सा यांना कार्यकारी मंडळात घेतले.

शिकलेल्या वर्गाने हा प्रचार मुकाट्याने स्वीकारला का?

नाही, आणि या विषयातला सर्वांत उद्बोधक भाग हाच आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद जाहीर केली. आपले सरकार निवडण्याचा प्रत्येक लोकसमूहाचा हक्क आम्ही मानतो, असे तिच्या तिसऱ्या कलमात म्हटले होते. त्याच महिन्यात उपपंतप्रधानपदाची जबाबदारी सांभाळणारे क्लेमंट अॅटली यांनी लंडनमधील पश्चिम आफ्रिकी विद्यार्थी संघापुढे बोलताना ही तत्त्वे सर्व वंशांना लागू असल्याची ग्वाही दिली. ९ सप्टेंबर रोजी चर्चिल यांनी संसदेत खुलासा केला की हे कलम प्रामुख्याने नाझींनी जिंकलेल्या युरोपीय राष्ट्रांसाठी आहे. हा खुलासा भारतातही झोंबला आणि पश्चिम आफ्रिकेतही.

परंतु शब्द एकदा बाहेर पडले होते. स्वातंत्र्य, लोकशाही, वंशद्वेषाविरुद्ध लढा या गोष्टी सरकारच स्वतःच्या नभोवाणीवरून, पाच भाषांमध्ये, दररोज सांगत होते. वर्तमानपत्रांनी ती भाषा उचलली आणि सरकारलाच प्रश्न विचारले. १९४३ मध्ये नायजेरियाचे संपादक न्नामदी अझिकिवे पश्चिम आफ्रिकी पत्रकारांच्या शिष्टमंडळासह ब्रिटनला गेले आणि सनदेचा आधार घेऊन टप्प्याटप्प्याने स्वराज्य देण्याची मागणी करणारे निवेदन त्यांनी सादर केले. हिटलरचा वंशद्वेष वाईट असेल तर अक्रा आणि लागोसमधला वंशभेद चांगला कसा, या प्रश्नाला प्रचार खात्याकडे उत्तर नव्हते. प्रचार लोकांना पटला नाही म्हणून साम्राज्य अडचणीत आले असे नाही. लोकांनी तो शब्दशः खरा मानला, म्हणून ते अडचणीत आले.

हे सैनिक कुठे लढले? मराठी पलटणींशी त्यांचा काही संबंध आला का?

पहिली मोठी मोहीम पूर्व आफ्रिकेतली. गोल्ड कोस्ट आणि नायजेरियाच्या ब्रिगेड केनियातून इटालियन सोमालीलँडमध्ये शिरल्या. २५ फेब्रुवारी १९४१ रोजी मोगादिशू पडले, ६ एप्रिलला अदिस अबाबा हाती आले आणि ५ मे रोजी इथिओपियाचे सम्राट हाइले सेलासी आपल्या राजधानीत परतले. त्याच मोहिमेत उत्तरेकडून, इरिट्रियातील केरेनच्या उभ्या कड्यांवर, मार्च १९४१ मध्ये मराठा पायदळाच्या तिसऱ्या बटालियनने रक्त सांडून चढाई केली. सातारा-कोल्हापूरकडचे शिपाई आणि अक्रा-कुमासीकडचे शिपाई एकाच शत्रूच्या दोन टोकांना भिडलेले होते.

त्यानंतर ब्रह्मदेशात जपानशी लढण्यासाठी पश्चिम आफ्रिकी फौजा भारतात आल्या. ८१ वी पश्चिम आफ्रिकी डिव्हिजन ऑगस्ट १९४३ मध्ये आणि ८२ वी पुढच्या वर्षी दाखल झाली. त्यांतील अनेक तुकड्या मुंबई बंदरात उतरल्या. त्यांच्यासाठी एक खास वृत्तपत्रही भारतातून निघत असे, म्हणजे प्रचार त्यांच्या पाठोपाठ इथवर आला होता. ८१ व्या डिव्हिजनच्या खांद्यावरील चिन्ह होते अनान्सी हा कोळी, अशांती लोककथांतील चतुर नायक. ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आराकान प्रांतात, कलादान खोऱ्यात जाण्यासाठी या सैनिकांनी डोंगरजंगलातून सुमारे ७५ मैलांची जीपवाट खोदली. पुढे त्यांची सारी रसद विमानातून टाकली जाई आणि ती भारवाहक डोक्यावर वाहून नेत. नायजेरियाची एक ब्रिगेड जपानी फौजेच्या पिछाडीला घुसून लढणाऱ्या, ब्रिटिश सेनानी विंगेट यांच्या चिंडिट दलात होती. जानेवारी १९४५ मध्ये आराकानमधील म्योहाउंग हे गाव जिंकण्यात या सैनिकांचा मोठा वाटा होता. ब्रह्मदेशाच्या युद्धावरील आपल्याकडच्या लिखाणात त्यांचा उल्लेख क्वचितच सापडतो, याचे मला वाईट वाटते.

सैन्यात त्यांना वागणूक कशी मिळाली?

वसाहतीतल्या जीवनापेक्षा काही बाबतींत बरी आणि काही बाबतींत तशीच. अन्न, औषधोपचार, लिहा-वाचायला शिकण्याची सोय या गोष्टी मिळाल्या. परंतु पगार गोऱ्या शिपायापेक्षा बराच कमी होता आणि अधिकारी जवळजवळ सगळे गोरे होते. सेथ अँथनी हे गोल्ड कोस्टमधील अचिमोटा महाविद्यालयाचे शिक्षक १९४२ मध्ये ब्रिटिश सैन्यात अधिकारीपद मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी ठरले आणि ब्रह्मदेशात लढले. प्रचारात त्यांच्या नावाचा भरपूर उपयोग झाला, पण त्यांच्यासारखे दुसरे नाव शोधणे अवघड होते. फटक्यांची शिक्षा आफ्रिकी फौजांमध्ये १९४६ पर्यंत अधिकृतपणे चालू राहिली.

युद्ध संपल्यावर काय झाले?

परतलेल्यांना नोकऱ्या मिळाल्या नाहीत. लष्करात मोटार चालवणारे हजारो होते, आणि वसाहतीत तेवढ्या मोटारीच नव्हत्या. साठवलेला पगार महागाईत विरून गेला. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी माजी सैनिकांचा निःशस्त्र मोर्चा आपले गाऱ्हाणे घेऊन अक्रातील ख्रिश्चनबोर्ग किल्ल्याकडे, म्हणजे गव्हर्नरच्या निवासस्थानाकडे निघाला. वाटेत पोलीस अधिकारी कॉलिन इम्रे यांनी गोळीबार केला आणि सार्जंट अॅजेटे, कॉर्पोरल अटिपो व शिपाई ओडार्टे लॅम्प्टे हे तिघे माजी सैनिक जागीच ठार झाले. परदेशी मालाच्या वाढीव किमतींविरुद्धचा बहिष्कार त्याच दिवशी मागे घेतला जात होता, त्यामुळे बाजारात गर्दी होती. दंगल पेटली आणि अन्य शहरांत पसरली. एकूण २९ माणसे मृत्युमुखी पडली आणि दोनशेहून अधिक जखमी झाली. पुढे घानाचे पहिले पंतप्रधान झालेले क्वामे एन्क्रुमा यांच्यासह सहा नेत्यांना अटक झाली. चौकशीसाठी नेमलेल्या वॉटसन आयोगाने वसाहतीची १९४६ ची राज्यघटना कालबाह्य ठरवली, आणि ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला.

म्हणजे माजी सैनिकांनी स्वातंत्र्य मिळवून दिले, असे म्हणता येईल का?

तसे सरसकट म्हणू नये. अलीकडच्या संशोधनाचा कल असा आहे की बहुसंख्य सैनिक गावी परतले, शेतीला लागले आणि राजकारणापासून दूर राहिले. चळवळीचे नेतृत्व वकील, संपादक, शिक्षक आणि व्यापारी यांच्याकडे होते. तरीही त्या तिघांच्या मृत्यूने जे घडवले ते कमी लेखता येणार नाही. ब्रिटनसाठी लढलेल्या माणसांवर ब्रिटनचीच गोळी चालली, हे समजावून सांगायला कोणत्याही दुभाषाची गरज पडली नाही.

त्या काळातील चित्रपट आणि भित्तिचित्रे आज पाहताना काय ध्यानात ठेवावे?

यांपैकी पुष्कळ साहित्य ब्रिटनमधील संग्रहालयांत जतन केलेले आहे आणि काही चित्रपट सहज पाहता येतात. चित्रफितीवर इंग्रजी निवेदन ऐकू येते किंवा ती मूकच असते. गावकऱ्यांनी मात्र ती फीत ट्वी, एवे किंवा हौसातील तोंडी निवेदनासह पाहिली, आणि ते निवेदन सहसा कुठेही ध्वनिमुद्रित झालेले नाही. त्यामुळे आपल्यासमोर असलेला चित्रपट हा प्रचाराचा निम्माच पुरावा आहे. छायाचित्रांच्या बाबतीत खाली छापलेल्या ओळींकडे विशेष लक्ष द्यावे: हसऱ्या नव्या शिपायाच्या चित्राखाली त्याची पलटण छापलेली असते, अनेकदा नाव नसते. त्याला गावातून कोणी पाठवले, हे तर कधीच नसते. ते शोधायला जिल्हा कचेऱ्यांतील दप्तरे आणि माजी सैनिकांच्या नोंदवलेल्या मुलाखती अधिक उपयोगी पडतात.